मुंग्यांचं दर्शन

मुंग्यांची रांग सकाळीच लागायची, माणसांची त्यानंतर. जुन्या गोदामाच्या आवारात मोठ्या झाडाखालच्या कट्ट्यावर निराहारी महाराज डोळे मिटून बसलेले असत आणि मुंग्या शिस्तीत कट्टा चढून त्यांच्या शालीत शिरत. महाराज महिनोन्महिने नुसत्या वाऱ्यावर जगतात अशी त्यांची ख्याती होती. शेजारी ध्वनिक्षेपक घेऊन बसलेला शिष्य म्हणे, "सिद्धार्थ असाच झाडाखाली अन्न सोडून बसला आणि बुद्ध झाला. तेच तेज पुन्हा आलंय. मुंग्यांना कळलं, त्या दर्शनाला येतात. तुम्हाला कधी कळणार?" मग माणसं ओशाळून हात जोडत. मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून काही जण चपला हातात घेऊन उभे राहत.

या गर्दीत सगळ्यात पुढे बसायची ती गावातल्या एका दंतवैद्यांची थोरली बहीण, ताई. डॉक्टरांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, ताईचे यजमान गेल्या वर्षी गेले. तेव्हापासून भाऊ-बहीण एकत्र राहत. खाली दवाखाना, वर दोन खोल्या. डॉक्टर दिवसभर लोकांच्या तोंडात डोकं घालून बसत आणि थकून वर येत, तोवर ताई भिंतींशी बोलून दमलेली असे. शेवटी शेजारच्या शिवणवाल्या बाईने तिला आवारात नेलं. तिथे कुणी तिचा हात धरला, कुणी तिच्यासाठी जागा राखून ठेवली. बघता बघता शिवणवाली धरून पाच मैत्रिणी झाल्या. महाराजांचं बघून त्या पाचही जणींनी अन्न सोडलं, म्हणून ताईनेही सोडलं.

आता तिच्या मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत घसरत होतं. जिना चढताना ती मध्येच बसायची. असंच चाललं तर मूत्रपिंडं निकामी होतील, असं तिला तपासणाऱ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. भाऊ रोज दोन ताटं मांडायचा, एकटा जेवायचा आणि दुसरं ताट तसंच उचलून ठेवायचा.

"अगं, सिद्धार्थाने उपास केले हे खरं," तो तिला समजावू लागला, "पण सोडले तेही त्यानेच. पोट पाठीला लागलं, उभं राहवेना, तेव्हा त्याला उमगलं की देह जाळून ज्ञान मिळत नाही. एका बाईने दिलेला दूधभात खाल्ला आणि मग तो झाडाखाली बसला. तुमचा तो शिष्य अर्धीच गोष्ट सांगतो."

ताई म्हणाली, "मी खाल्लं तर त्या पाच जणी मला टाकतील. मग दिवसभर मी कुणाशी बोलू?"

दिवसभर आपण खाली दवाखान्यात असतो, याची डॉक्टरांना लाज वाटली.

एका दुपारी तोच शिष्य दवाखान्याच्या मागच्या दाराने आला. महाराजांचा दात ठणकत होता, पण बोभाटा नको होता. डॉक्टर त्याच्यासोबत गेले आणि गोदामातल्या आडोशाच्या खोलीत महाराजांनी आ केला. वरच्या पुढच्या दातांवर हिरड्यांलगत तपकिरी कीड पसरली होती आणि खालचे दात मात्र शाबूत होते. असे दात डॉक्टरांनी कितीतरी पाहिले होते, पण ते तान्ह्या मुलांचे, गोड दुधाची बाटली तोंडात धरून झोपणाऱ्यांचे. खालचे दात जिभेआड झाकले जातात, वरच्यांवर दूध साचत राहतं. नुसत्या वाऱ्याने असे दात किडत नाहीत.

डॉक्टरांनी औषधाचा बोळा बसवला. रोग्याच्या तोंडातली गोष्ट चारचौघांत सांगायची नाही, हा नियम त्यांनी जन्मभर पाळला होता. तोंड लबाडाचं निघालं म्हणून तो मोडता येत नव्हता. परतताना ते कट्ट्यापाशी थांबले. मुंग्या एकामागून एक शालीत शिरत होत्या. मुंग्या काही त्यांच्या रोगी नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक कोरी शाल आणून ताईच्या हातात दिली. ही महाराजांना पांघरव, जुनी काढून घे, मुंग्या भक्तीने येत असतील तर हिच्यावरही येतील, असं ते म्हणाले. आल्या तर तेही तिच्या शेजारी उपाशी बसणार होते, नाही आल्या तर तिने जेवायचं होतं. निदान भाऊ शेजारी बसेल, या आशेने ताई तयार झाली.

शाल पाहून शिष्य गडबडला. महाराज समाधीत आहेत, स्पर्श चालणार नाही, म्हणू लागला. पण मैत्रिणींनीच आग्रह धरला की हा मान ताईचा आहे. ताईने जुनी शाल उचलली. ती कुठेतरी अडकली, तिने ओढली, आणि महाराजांच्या काखेत बांधलेली रबरी पिशवी कट्ट्यावर आपटली. तिची बारीक नळी शालीच्या काठातून थेट तोंडापर्यंत गेली होती. दूध पसरलं. मुंग्या महाराजांना सोडून तिकडे वळल्या.

"हे तेजच आहे, द्रवरूप झालंय," शिष्य ध्वनिक्षेपकात म्हणाला. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्याने बोट बुडवून चाखलं. "साखर जरा जास्तच पडलीय," तो म्हणाला. महाराजांनी डोळे उघडले आणि थंडी वाजतेय, शाल द्या, एवढंच मागितलं.

आवार रिकामं झालं. त्या पाच जणी ताईकडे न बघता निघून गेल्या. त्यांचा राग महाराजांवर नव्हता, शाल ओढणारीवर होता.

घरी डॉक्टरांनी मऊ दूधभात केला आणि चमच्याचमच्याने तिला भरवला. ती रडत रडत खात होती.

"सिद्धार्थाने खाल्लं तेव्हा त्याच्या सोबत्यांनी काय केलं?" तिने विचारलं.

"पाच जण होते. हा ढळला म्हणाले आणि त्याला एकटं टाकून गेले."

"मग परत आले?"

"नाही. ज्ञान झाल्यावर तोच त्यांना शोधत गेला. सगळ्यात आधी त्यांनाच सांगितलं."

ताईने पातेल्यात किती भात उरलाय ते विचारलं आणि तो डब्यात भरून घेतला. जिन्यात एकदा टेकून ती शिवणवालीच्या दाराशी पोचली. दार आतून बंद होतं. ठोठावलं तरी उघडेना.

"मी सांगते म्हणून मानू नकोस," ताई बंद दाराशी बोलू लागली. "महाराजांचंही तसंच मानलं आणि मरायला टेकलो. मी खाल्लंय, मी तुझ्या दारात उभी आहे. डोळ्यांनी बघ आणि मग ठरव. मी इथेच बसते."

ती डबा मांडीवर घेऊन पायरीवर बसली. बऱ्याच वेळाने आतून कडी निघाल्याचा आवाज आला.