म्यानावरची वेल

सुगंधा गेली हे लवूला कळलं तेव्हा तो वेंगुर्ल्याच्या बाजारात तिच्यासाठी मोसंबी निवडत होता. हॉस्पिटलातून सुनेचा, भक्तीचा, फोन आला. लवूने ऐकून घेतलं, निवडलेली मोसंबी एकेक करून टोपलीत परत ठेवली आणि मोसंबीवालीला म्हणाला, "नको गो आता."

ते गेल्या श्रावणातलं. वर्ष सरलं आणि यंदा घरात पुन्हा घट बसले. खंडेनवमीला घरातली हत्यारं देवापुढे मांडायची. कोयते, कुऱ्हाड, पहार आणि सगळ्यांच्या मध्ये चांदीच्या म्यानातला खंजीर. लवूने तीस वर्षं बोटीवर खलाशाची नोकरी केली. त्याच्या जोडीचा बासो जातीने बुगी, तिकडे इंडोनेशियातल्या मकासरचा. बोट सोडून तो कायमचा घरी निघाला तेव्हा त्याने आपला खंजीर लवूच्या हातात ठेवला. म्यान लाकडाचं, वर चांदीचा पत्रा, पत्र्यावर बारीक नक्षी. लवूच्या लेखी ती चांदी होती, एवढंच. सुगंधाला तिच्यात वेल दिसायची.

दर नवमीआधी ती ते म्यान पुसायची. अंगठ्याला जुन्या लुगड्याचा तुकडा गुंडाळून, हळूहळू, दोन-दोन तास. तरी खाचांमधला काळा रंग तसाच.

"अर्धवटच सोडलंस गो?" लवू विचारायचा.

"तुमी समई घासा. ह्येच्यातला तुमका काय कळणा नाय."

लवूला वाटायचं, कंटाळा लपवते आहे.

यंदा त्याने ठरवलं, तिच्या हातचं काम आपण करायचं आणि पुरं करायचं. चिंच घेतली, राख घेतली, नारळाचं सोडण घेतलं आणि समई घासावी तसं म्यान घासलं. अर्ध्या तासात लखलखीत. त्याने ते भक्तीला दाखवलं.

भक्ती बघतच राहिली. "बाबानू, वेल खंय गेली?"

लवूने चष्मा लावला. खाच नि उंचवटा एकाच रंगाचे झाले होते. डब्याच्या पत्र्यासारखं सपाट दिसत होतं सगळं. नवमीला चार दिवस होते. त्याने म्यान पिशवीत घातलं आणि बाबली सोनाराचं दुकान गाठलं.

"लवूकाका, तो मळ नव्हतो," बाबली म्हणाला. "नक्षी उठान दिसाक मुद्दाम काळा करतत. काकीक ठावक होता."

"आता काय करू?"

"अंडी उकडा. बलक कुस्करून डब्यात घाला, बाजूक म्यान ठेवा, झाकण घट्ट लावा. दोन दिसांत काळा होतला. मगे नुसता वरवर पुसा, काकी पुसायची तसा. खाचेत बोट घालू नकात."

"अंडी? घट बसलेत रे घरात."

"मगे मांगरात उकडा. देवी काय काजूच्या बागेत बघूक येवची नाय."

भक्तीने फुटक्या कानाचा टोप काढून दिला. "ह्यो परत घरात हाडू नकात. आई आसती तर तुमचा काय खरा नव्हता."

"ती आसती तर अंडी लागलीच नसती," लवू म्हणाला.

तिसऱ्या दिवशी त्याने बागेतल्या मांगरात, राखणीच्या त्या खोपीत, बसून डबा उघडला. म्यान तव्यासारखं काळं झालं होतं. तिच्याच लुगड्याचा तुकडा अंगठ्याला गुंडाळून त्याने पुसायला घेतलं. पहिलं पान बिघडलं, अंगठा खाचेत गेला. मग त्याला समजलं, जोर लावायचाच नाही. पान आपोआप वर येतं. वेल म्यानाच्या तोंडाकडून खाली उतरत होती, प्रत्येक पानाशी जरा मागे वळत होती. दोन पानांमध्ये एक मिटलेली कळी होती. ही कळी सुगंधाने कधी सांगितली नव्हती. किंवा सांगितलीही असेल. आपण तेव्हा समई घासत असणार.

तो थांबला. मग पुन्हा कळीवरून अंगठा फिरवला, गरज नसताना.

नवमीच्या सकाळी त्याने म्यान हत्यारांच्या मध्ये ठेवलं, पुसलेली बाजू वर करून. भक्तीने फूल वाहिलं.

"दिसता गो?"

"दिसता, बाबानू."

मागची बाजू अजून पुसायची राहिली आहे.