गोदाबाईच्या पिकपचा डबा

"पुन्हा मेली, भाऊजी."

गोदाबाईने फोनवर हे इतक्या शांतपणे सांगितलं, की त्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर सूर्यभानला बरं वाटलं असतं. अमरावतीच्या आपल्या गॅरेजात तो एका ट्रॅक्टरखाली आडवा होता. तसाच पाठीवर सरकत बाहेर आला.

"कुठी हाय?"

"माहुलीच्या पुढं, बाभळीखाली. चेक लाईट लागला हाय. पिवया डोया वटारून पाहून राहिला माह्याकडं."

मोटरसायकल हाणत सूर्यभान पोचला. तोवर इंजिन थंड झालं होतं आणि चावी अर्धी फिरवताच गाडी सुरू झाली. या दुखण्याची हीच तर खोड. रस्त्यात गाडी मान टाकणार आणि मिस्त्री दिसला की उठून बसणार.

छत्तीस वर्षं झाली होती त्याला या धंद्यात. शाळा चौथीपर्यंत, पण कान असा, की आवाजावरून सांगायचा कुठला टॅपेट ढिला आहे. परतवाड्याहून लोक गाड्या आणायचे. आणि या एका पिकपने त्याला तीन आठवड्यांत तीनदा तोंडावर पाडलं. डिझेल फिल्टर बदलला, पंप खोलला, सगळी वायरिंग नवी टाकली. दर वेळी बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "आता नाई बंद पडत, वयनी. माही जबान हाय." तीन जबानी गेल्या.

गोदाबाई मोर्शी रोडवरच्या खेड्यातली. घरची तीन एकर फुलशेती, शेवंती आणि झेंडू. सहा वर्षांपूर्वी नवऱ्याची, नत्थुजींची, नजर शुगरने नेली तेव्हा ही बाई बावन्नाव्या वर्षी गाडी शिकली. धुऱ्यावरचा एक निंब आडवा केला, पण शिकली. तेव्हापासून रोज उजाडता अमरावतीच्या फूलबाजारात. आपला माल आपण विकायची.

तिचा मुलगा धर्मेंद्र गाडीजवळच उभा होता.

"काका, सोडा आता नाद," तो म्हणाला. "गुरुवारी चांदूर बाजारचा मानूस येऊन राहिला. जशी हाय तशी नेतो म्हनते. शोरूमवाल्यानं त सांगतलंच, इचा कम्प्युटर गेला. अन् या मॉडेलचा डबा आता येतच नाई."

"कम्प्युटर!" सूर्यभान बाजूला थुंकला. "इंजिन डिझेलवर चालते बे, कम्प्युटरवर नाई."

"मंग चालवून दाखवा ना डिझेलवर."

सूर्यभान गमछ्याने हात पुसायला लागला. बोलली ती गोदाबाई.

"अन् गाडी गेल्यावर मी का करू रे?"

"व्यापाऱ्याची गाडी वावरातून माल उचलते, आई. तू आराम कर."

"आराम! बजारात पन्नास मानसं मले नावानं हाका मारतात. घरी कोन मारते? तुहा बाप. थोही चहासाठी."

हसलं कोणी नाही. तिच्या मुठीत चावी होती आणि मूठ सैल होत नव्हती.

सूर्यभानने डाव्या बाजूचं दार उघडलं. सीटवर देवाच्या फुलांचं टोपलं होतं, ते दोन्ही हातांनी उचलून स्वच्छ दगडावर ठेवलं. मग गुडघे टेकून, पाय ठेवायच्या जागेच्या कोपऱ्यातला तो ॲल्युमिनियमचा डबा काढला. तीनदा त्याने हा डबा पाहिला होता. तीनदा पुसून, तोंड वाकडं करून, होता तिथे ठेवला होता.

"आज सोमवार," तो म्हणाला. "बुधवारपर्यंत मले दे, धर्मेंद्र. गुरुवारी तुह्या मनासारखं कर."

दुसऱ्या दिवशी डबा गमछ्यात बांधून, मांडीवर घेऊन तो अकोल्याच्या एसटीत बसला. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "मिठाई हाय का?"

"नाई. मेंदू हाय."

म्हातारा मूर्तिजापूरपर्यंत खिडकीकडेच पाहत बसला.

असे डबे दुरुस्त करणाऱ्याचा अकोल्यातला पत्ता त्याला एका टायरवाल्याने दिला होता. माडीवरचं छोटं दुकान, टेबलावर भिंग, भिंगामागे प्रणाली नावाची एक पोरगी. पस्तिशीच्या आतली, केस वर बांधलेले. सूर्यभानला वाटलं, मिस्त्री जेवायला गेला असेल.

"मिस्त्री कुठी हायेत, बाई?"

"तुमच्या समोर बसून राहिले," प्रणाली म्हणाली. "द्या इकडं."

तिने झाकण खोललं आणि शीळ घातली. आतल्या सर्किटवर हिरवा गंज चढला होता, दोन पिना तर त्याने पार खाल्ल्या होत्या.

"काका, गाडी पुरात सापडली होती का?"

"नाई."

"आतून पाइप मारून धुता?"

"नाई ना बाप्पा! लेकरासारखी ठेवते थे बाई."

"मंग हे पानी आलं कुठून? गरम झालं की हे सांधे सुटतात, थंड झालं की पुन्हा धरतात. म्हनून तर तुमाले सापडत नव्हतं."

तिने चिमट्याने वायरींच्या खोबणीतून काहीतरी ओढलं आणि पांढऱ्या कागदावर ठेवलं. तपकिरी, वाळलेलं, नखाएवढं.

"हे का होय?"

सूर्यभान वाकला आणि वाकलेलाच राहिला. शेवंतीची पाकळी होती.

गोदाबाईच्या घरची रीत त्याला चांगली माहीत होती. बाजाराचा माल मागे, पण देवाचं टोपलं मागे जात नाही. कोणाचा पाय लागायला नको. ते पुढे, शेजारी, माणसासारखं बसून जातं. बैलबंडी होती तेव्हाही तसंच. फुलं कोमेजू नयेत म्हणून वर ओलं फडकं, आणि फडक्याचं टोक सीटखाली लोंबतं. सहा वर्षं, रोज सकाळी, थेंब थेंब, नेमकं त्या कोपऱ्यात. आणि आपण काय केलं? तीनदा टोपलं उचललं, डबा पुसला, टोपल्याला हात लावून तो कपाळी नेला आणि रोग होता तिथे पुन्हा ठेवून दिला.

"मी गाढव हाओ," तो म्हणाला.

"बसा," प्रणाली म्हणाली. "हा डबा नाई वाचत. पन याच नंबरचा एक डबा माह्यापाशी हाय, ठोकर लागलेल्या गाडीतला. तसाच नेऊन लावला त गाडी सुरू होनार नाई मात्र."

"काहून?"

"चावीले ओळखतच नाई ना थो. नवी सून दारात अन् सासूनं कडीच काढली नाई, तसं होते. या जुन्याच्या पोटातली ओळख काढून त्याच्या पोटात टाका लागते."

"मंग टाका. मी बसतो. बोललो त चालते का?"

"बोला. हात नका लावू."

तास दीड तास तो टेबलाकडे मान वाकवून बसला. धूर, भिंग, केसाएवढ्या तारा. तिचा हात जराही चळत नव्हता, हे त्याने पाहिलं. शेवटी न राहवून विचारलं, "हा डबा करते का, नेमकं?"

"कोन्त्या सिलिंडरले कितीक डिझेल द्याचं, कवा द्याचं, हे ठरवते. इंजिनाकडं कान लावून तुमी जुने मिस्त्री जे करत होते ना काका, थेच. एका मिनिटात हजार वेळा."

सूर्यभान डब्याच्या आणखी जवळ सरकला.

"म्हंजे मिस्त्रीच हाय की हा," तो हळूच म्हणाला.

बुधवारी दुपारी, गॅरेजात ओढून आणलेल्या पिकपमध्ये त्याने प्रणालीने दिलेला डबा बसवला. कोपऱ्यात नाही, पट्टी ठोकून वीतभर वर. चावीचा दिवा लुकलुकला, विझला, आणि पहिल्या हाकेला इंजिन बोललं. धर्मेंद्रने मोटरसायकलवरूनच विचारलं, "अन् गरम झाल्यावर?"

"थेच पाहाले जाऊन राहिलो. वयनी, बसा. चला मोर्शीले."

गाडी अमरावतीबाहेर पडली तसं सूर्यभानने घसा खाकरला.

"वयनी, तुमचा पंप चांगला होता. मी उगाच खोलला. वायरिंगही चांगली होती. छत्तीस वर्षांत मी कोनाले असं सांगतलं नाई, पन मले समजलंच नव्हतं."

गोदाबाईने रस्त्यावरची नजर हलवली नाही. "अन् झालं का होतं मंग?"

त्याने पाकळीचं सांगितलं. तिने गिअर बदलला. ऊन अंगाला चटके देत होतं, इंजिनच्या गरमीचा काटा वर चढत होता.

"देवाचं टोपलं म्या मागं नाई टाकनार," ती म्हणाली. "सांगून ठेवलं."

"टाका म्हनलं का मी?"

"मंग?"

"खाली काईतरी खोल भांडं पायजे. पानी धरनारं."

"परात हाय माही. लग्नातली. इतली मोठी, की आमच्या ह्यायले तिच्यात बसवून आंघोय घालता येते."

"तितली नको, वयनी. मी कुठी बसू मंग?"

ती हसली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. हसण्याच्या नादात माहुली गेली, बाभूळ गेली, आणि दोघांच्याही ते लक्षात आलं तेव्हा गाडी दोन कोस पुढे होती. गोदाबाईने फक्त बोटं स्टेअरिंगवर नीट धरली आणि गाडी आणखी थोडी पळवली.

मोर्शीत बाजाराच्या तोंडाशी तिने गाडी उभी केली, इंजिन चालूच ठेवलं. मागून धर्मेंद्र आला, घामाने निथळलेला. फोन कानाला होता. "नाई भाऊ, उद्या नका येऊ. नाई... भाव नाई, गाडी नाई विकत म्हनलं. कोनाची? आईची हाय. तिले विचारा." त्याने फोन खिशात टाकला आणि आईकडे न पाहता म्हणाला, "चहा घेतं का?"

"गोदामावशी!" पलीकडून अमरावतीत तिच्याकडून फुलं नेणाऱ्या एका हारवाल्याने हाक मारली. "आज इकडं कशी काय व?" ती पदर सावरत तिकडे निघाली, मागोमाग मुलगा.

सूर्यभान एकटा उरला. त्याने बॉनेट उघडलं. इंजिन एका लयीत चालत होतं, कुठे खटका नाही, कुठे अडखळ नाही. हातात पाना घ्यावा असं काही नव्हतंच. संत्र्याची हातगाडी ढकलत एक माणूस जवळ थांबला.

"का बिघडलं, मिस्त्री?"

"काई नाई बिघडलं," सूर्यभान म्हणाला. "पाहून राहिलो."

आणि हात पाठीमागे बांधून, मान जरा कलती करून, तो तसाच ऐकत उभा राहिला.