रामेश्वरचा उजवा हात

रामेश्वर घरी आल्यापासून उजव्या हातानं माशीसुद्धा हाकलत नव्हता. कळशी डाव्या हातानं, भाकर डाव्या हातानं, आणि परवा तर पाहुण्यांना रामरामही डाव्याच हातानं! सारजाबाईचं डोकं फिरलं. धाब्यावरून आणलेला बर्फ खांद्याला बांधून धडधाकट नातू दिवसभर बाजेवर.

"कोचनं सांगितलंय आजे, महिनाभर काय बी फेकायचं न्हाई."

"मेंढराला खडा बी न्हाई?"

"खडा बी न्हाई."

त्यामुळं मेंढरं कुणाच्या हरभऱ्यात शिरली की हा बांधावर उभा राहून नुसता "हुर्रर, हुर्रर" करायचा. मेंढरं त्याला ओळखून होती. पोट भरलं की आपली आपण बाहेर यायची.

हा बेसबॉल खेळायचा. नव्यानंच निघालेल्या लीगमध्ये त्याला चेंडू फेकायला चक्क पगारावर घेतलं होतं. समोर एकजण मुसळाएवढं दांडकं घेऊन उभा राहणार, त्याच्या दांडक्याला चेंडू लागू द्यायचा नाही, एवढंच काम. गावाला हे खरं वाटत नव्हतं. सारजाबाईलाही निम्मंच.

त्यात विजयसिंह मालक जीप घेऊन आले. दरसाल त्यांच्या रानात सारजाबाईची मेंढरं बसायची. त्यांना खत मिळायचं, हिला चारा नि ज्वारी. यंदाही रात्री मेंढरं कोंडायची जाळी त्या रानात लावून झाली होती.

"सारजामावशी, उद्या माझा वाढदिवस. मांजरसुंब्याला स्टेज टाकलाय. तिथं रामेश्वरनं बॉल फेकून दाखवायचे, जोरात. पोरं मोबाईलवर काढतील."

रामेश्वर उठला. "मालक, येतो, हार घालतो, भाषण बी ऐकतो. पण फेकणार न्हाई. खांदा सुजलाय. आत्ता फेकलं तर टीममधून जाईन."

"फेकायचाच पगार घेतो ना बे? मावशी, सांगा ह्याला. न्हाईतर मेंढरं दुसरीकडं बसवा."

सारजाबाई नातवावर खेकसली, "फेक की मेल्या! मेंढरापरीस तुझा खांदा मोठा हाय का?"

रामेश्वरनं मान खाली घातली, पण हलवली ती नाहीच म्हणून.

मालक हसले. "राहू द्या मावशी. कशाचा खेळाडू! पगाराच्या थापा मारतंय येडं."

इथं मालक चुकले. रामेश्वरला शिव्या द्यायचा हक्क सारजाबाईनं कुणाला निम्म्या वाट्याच्या बटईनंही दिलेला नव्हता.

"मालक," ती पदर खोचत म्हणाली, "गुडघा सुजला म्हणून तुमी कपिलधारच्या यात्रेत, समदे पायी चालताना, पार देवळापस्तोर जीप नेलती, तवा आमी हसलो का? जाळी काढतो आमी. तुमच्या रानात तुमीच बसा."

मालकांची जीप धुरळा उडवत गेली. सारजाबाईनं जाळी गुंडाळायला घेतली. आता पाली गावच्या राधाकिशन शेतकऱ्याचं रान मेंढरं बसवायला मिळालं तर मिळालं.

रामेश्वर डाव्या हातानं जाळीचं टोक धरत म्हणाला, "आजे, तू माझी बाजू घेतलीस..."

"बाजू? थोबाड बघ बाजू घेणारीचं! हातचं रान घालवलंस तू. आता पालीपस्तोर मेंढरामागं चालायचं, बिऱ्हाड डाव्या खांद्यावर. तुझा हात कोचाचा असंल, पण तुझे पाय माझे हायेत. ऊठ!"