तिसरी चौकट

तिला घरात सगळे कात्री म्हणत. व्हिडिओ संपादनाच्या वर्गात तिने नाव घातलं, त्याच्या किती तरी आधीपासून. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याचा शेवट आपणच सांगून मोकळं व्हायचं ही तिची लहानपणापासूनची खोड, आणि दहातले आठ शेवट ती चुकीचे सांगायची. ती संपादन शिकायला लागल्याचं कळलं तेव्हा मावशी म्हणाली, "चला, आता त्याचं निदान प्रमाणपत्र तरी मिळेल."

वर्षअखेरीचा प्रकल्प होता छापील व्यंगचित्रांच्या पट्टीवरून तीन मिनिटांचा चित्रपट करायचा. बाकीची मुलं पट्ट्या शोधत हिंडली. कात्रीला हिंडायची गरजच नव्हती. तिच्या मावशीने एकवीस वर्षं एका साप्ताहिकात दर आठवड्याला पट्टी काढली होती. पट्टीचं नाव 'अहो-अगं'. त्यात माणसं दोनच. अगं विचारायची आणि अहो उत्तर द्यायचे. मग साप्ताहिक बंद पडलं, पट्टी थांबली आणि सगळी कात्रणं मावशीच्या कपाटात तीन फायलींत जाऊन बसली. अहो म्हणजे नक्की कोण, हे वाचकांना कधी कळलं नाही, पण गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नाक हुबेहूब मावशीच्या नवऱ्याचं, म्हणजे काकांचं होतं.

अडचण एकच होती. पट्टी काढणाऱ्याच्या सहीचं संमतिपत्र शुक्रवारी दुपारी एकच्या आत जोडलं नाही, तर सर प्रकल्प तपासणार नव्हते. कात्री कागद घेऊन गेली, तर मावशी चष्म्यावरून बघत म्हणाली, "आधी चित्रपट दाखव. मला हसू आलं तर सही."

"अगं, पण विनोद तुझेच आहेत!"

"म्हणून तर. मला ते पाठ आहेत. तरीही हसवलंस तर खरी."

कात्री पदर खोचल्यासारखी कामाला लागली. सात पट्ट्या निवडल्या, स्कॅन केल्या, माणसं मागच्या चित्रापासून सुटी केली, म्हणजे मान वळवता येईल आणि हात हलवता येईल. एका पट्टीतल्या बसची चाकं फिरवण्यात तिचे दोन दिवस गेले. अगंचा आवाज तिने स्वतःच दिला. अहोंच्या आवाजासाठी काकांना झोपायच्या खोलीत बसवलं आणि आवाज घुमू नये म्हणून त्यांच्या चारी बाजूंनी गाद्या उभ्या केल्या. मधोमध काका, हातात कागद धरून, परीक्षेला बसल्यासारखे.

काकांनी जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली, पण त्यांना स्वतःला कसली घाई झालेली कुणी पाहिली नव्हती. त्यांना काही विचारलं की आधी ते ऐकलेलं नीट आत जाऊ देत, मग चष्मा काढून पुसत, तो परत चढवत आणि मग बोलत. तोवर पाहुणे चहा पिऊन उठलेले असत.

"काका, माझं वाक्य संपलं ना, की तुम्ही लगेच बोलायचं," कात्रीने बजावलं.

काकांनी चष्मा काढला, पुसला, चढवला. "लगेचच बोलतो की," ते म्हणाले.

हे असं दोन तास चाललं. पण कात्रीला त्याची फिकीर नव्हती, कारण कापणं तिच्या हातात होतं. सरांनी वर्गात पढवलंच होतं की पडद्यावर दोन सेकंद शांतता झाली की बघणाऱ्याने फोन उचललाच म्हणून समजा. कात्रीने काकांचा प्रत्येक थांबा कचाकच कापून काढला. काका कसे फटाफट बोलायला लागले! सात पट्ट्या बरोबर तीन मिनिटांत बसल्या. ती स्वतःवरच खूश झाली.

बुधवारी काका भाजी आणायला गेलेले असताना तिने मावशीला चित्रपट दाखवला. मावशी हसली नाही. "छान झालंय," म्हणाली; शेजारणीच्या नव्या पडद्यांना म्हणते तशी.

"म्हणजे आवडलं नाही."

"माझी तिसरी चौकट कुठे गेली?"

"आहे ना! अर्धा सेकंद आहे. त्यात कुणी बोलतच नाही, म्हणून..."

"अर्ध्या सेकंदात तुझ्या काकांचं तोंड उघडायचं की नाही हेसुद्धा ठरत नाही." मावशीने फाइल ओढली आणि बसची पट्टी काढली. पहिल्या चौकटीत दोघं बसमध्ये बसलेत आणि अगं विचारते, 'अहो, गॅस बंद केलात ना?' दुसरीत, 'अहो?' तिसरीत कुणीच बोलत नाही, अहो नुसते समोर बघताहेत. चौथीत अहो म्हणतात, 'पुढच्या थांब्यावर उतरू या.'

"ही गप्प बसलेली चौकट काढून टाक आणि वाच," मावशी म्हणाली. कात्रीने वाचलं. विनोद कुठेच नव्हता. दोन माणसं बसमधून उतरत होती, एवढंच.

"सगळ्यात पहिल्या पट्टीच्या वेळी मला तिसऱ्या चौकटीत काय घालावं ते सुचेना," मावशी म्हणाली. "समोर बघितलं तर हे बसलेले. म्हटलं, हेच काढावं. काढल्यावर दाखवलं आणि विचारलं, 'अहो, तुमच्यावरच आहे, राग तर नाही ना येणार?' यांनी चष्मा काढला. तेवढ्यात बेल वाजली आणि साप्ताहिकाचा माणूस पट्टी घेऊन गेला. उत्तर राहिलंच." तिने पट्टी पुन्हा फायलीत सरकवली. "बत्तीस वर्षं झाली. पुन्हा विचारायचा धीर नाही झाला. 'आला' म्हणाले असते तर?"

मावशी हे हसतच बोलली. कात्रीने लॅपटॉप मिटला आणि ती उठली.

मूळ ध्वनिमुद्रण तिने पुसलं नव्हतं, नशीब. घरी जाऊन ती कानाला हेडफोन लावून बसली आणि पहिल्यांदाच काकांचं न बोलणं ऐकलं. त्यात खुर्ची करकरत होती. चष्म्याची दांडी मिटत होती. एकदा काकांनी बोलण्यासाठी श्वास घेतला होता आणि विचार बदलून तसाच सोडून दिला होता. तिने एकेक थांबा जागच्या जागी परत ठेवला, कुठे चार सेकंदांचा, कुठे सहा. चित्रपट सव्वाचार मिनिटांचा झाला. मग काळजावर दगड ठेवून तिने दोन पूर्ण पट्ट्या काढून टाकल्या.

"हवा फार राहिलीय यात," गुरुवारी सर एका थांब्यावर बोट ठेवत म्हणाले.

"सर, ती हवा नाही. ते आमचे काका आहेत."

शुक्रवारी अकराला ती लॅपटॉप घेऊन मावशीकडे हजर झाली. या वेळी काकाही बसले होते. चित्रपट सुरू झाला. बसमधले अहो सहा सेकंद समोर बघत राहिले, खुर्ची करकरली आणि काकांचा आवाज म्हणाला, "पुढच्या थांब्यावर उतरू या." मावशीच्या ओठांचा कोपरा हलला. पण ती पडद्याकडे बघतच नव्हती. तिचं सगळं लक्ष काकांच्या चेहऱ्याकडे होतं. चित्रपट संपला तरी ती हसली नव्हती. कात्रीने घड्याळाकडे पाहिलं आणि संमतिपत्र मुकाट्याने मांडीवर घेतलं.

"अहो," मावशीने हळूच विचारलं, "कसं वाटलं?"

काका काळ्या पडद्याकडे बघत होते. त्यांनी चष्मा काढला. कात्रीच्या जिभेवर एव्हाना तीन उत्तरं तयार होती. तिने जीभ दाताखाली धरली आणि मनात आकडे मोजले. चार. पाच. काकांनी चष्मा पुसला. सात. आठ. चढवला.

"नाही," ते म्हणाले.

"आवडलं नाही?" कात्रीच्या तोंडून निसटलंच.

काकांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते मावशीला म्हणाले, "नाही आला. राग." मग जरा थांबून, "तू विचारलं होतंस."

मावशी त्यांच्याकडे बघतच राहिली. आणि मग ती जी हसत सुटली, ती थांबेचना. खुर्चीचा हात धरून हसली, डोळ्यांतून पाणी येईतो हसली, आणि त्यातलं सगळंच पाणी काही हसण्याचं नव्हतं. "एकवीस वर्षं काढत होते मी!" ती कशीबशी म्हणाली. "तेव्हा का नाही सांगितलंत?"

काकांनी विचार करायला घेतला. हात चष्म्याकडे गेला.

कात्रीने संमतिपत्र आणि पेन मावशीच्या हातात दिलं. "मावशी, त्यांचं उत्तर येईपर्यंत तू सही करून टाक."