एक्केचाळिसावी बोट

मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर कोरा कॉम्प्युटर, त्याला झेंडूचा हार आणि समोर पाटावर लहरीमहाराज! साल दोन हजार एक. मिरकरवाड्यात मी कॉम्प्युटरचा क्लास चालवायचो, म्हणून मलाही बोलावलं होतं. प्रसादापुरतं.

कुठली बोट समुद्रावर आहे आणि कुठली परतली, हे दाखवणारा प्रोग्राम महाराजांचा चेला शार्दूल याने मुंबईहून फ्लॉपीवर आणला होता. सी नावाच्या कॉम्प्युटरभाषेत लिहिलेला. तो चालेना. 'लागणारी फाईल सापडत नाही' एवढंच पुन्हा पुन्हा येई.

"यंत्राची दृष्टी बांधली आहे!" महाराज गरजले. "विद्युतलहरींची चैतन्यलहरींशी गाठ पडली पाहिजे!" आणि मूठभर अंगारा पंख्याखाली उधळला. सगळे डोळे चोळत असताना शार्दूलने पटापट काहीतरी टाइप केलं. प्रोग्राम सुरू. जयजयकार!

कसला डोंबलाचा चमत्कार! फाईल होती सी ड्राइव्हवर आणि शोधायचा पत्ता लिहिला होता डी ड्राइव्हचा. शार्दूलने पत्ता बदलला, इतकंच.

मग नावं भरली. चाळीस ठीक गेली. धाकू तांडेलाची नवीकोरी 'सोनपरी' एक्केचाळिसावी. ती भरली आणि यंत्र थिजलं. महाराजांनी डोळे मिटले. "प्रोग्राममध्ये माझं नाव घाला." शार्दूलने एक ओळ वाढवली, यंत्र चालू लागलं आणि यादीच्या तळाशी 'जय लहरी' झळकलं. लोकांनी हात जोडले. नावं कोणीच मोजली नाहीत. मीही नाही. मी मनात हसलो, पेढा तोंडात टाकला आणि घरी गेलो.

जाता-येता प्रत्येक बोटवाला यंत्रावर आपल्या बोटीचा नंबर दाबी. ती तळाची ओळ कधी 'आली' दाखवी, कधी 'बाहेर'. 'बाहेर' दिसलं की सोसायटीचे सेक्रेटरी काशीराम म्हणत, "महाराज पहाऱ्यावर गेले."

ऑक्टोबरात वादळ झालं. तिन्हीसांजेला चाळीस बोटींपुढे 'आली' होतं आणि तळाशी 'जय लहरी – बाहेर'. काशीरामांनी नमस्कार करून कुलूप घातलं. तेवढ्यात धाकूची बायको राही धावत आली.

"काशीरामभाऊ, ह्यांची बोट नाय आली!"

"यादीत कोण बाहेर नाय गो. बुरोंडीच्या बंदरात शिरला असेल. महाराज आहेत ना पहाऱ्याला!"

वायरलेसवर कोणी हाक मारली नाही. शोधायला बोट गेली नाही. तिसऱ्या दिवशी सोनपरी उलटी तरंगताना सापडली. धाकू सापडलाच नाही.

"त्याची श्रद्धा कमी पडली," महाराज म्हणाले. ते ऐकून राही तडक माझ्याकडे आली. "मास्तर, तुम्हाला ह्यातलं कळतं. माझा माणूस खरंच स्वतःच्या चुकीने गेला काय?"

मी दोन दिवस प्रोग्राम वाचला. मग सगळ्यांना कचेरीत बोलावलं. महाराज आले, शार्दूल दाराशीच उभा राहिला.

"प्रोग्राममध्ये नावांना जागा चाळीसच," मी म्हटलं. "एक्केचाळिसावं दिलं तर सी भाषा तक्रार करत नाही, शेजारच्या जागेत लिहून टाकते. तिथे कामाचे आकडे होते. ते पुसले गेले आणि यंत्र थिजलं. मग त्या शेजारच्या जागेत महाराजांचं नाव येऊन बसलं. आकडे पुढे सरकले आणि बचावले. पण यादी दाखवताना दर वेळी ते नाव नव्याने लिहिलं जायचं, धाकूच्या बोटीच्या नावावर. फाईलमध्ये सोनपरी तशीच होती."

"भगवंताच्या लीलेला हा आकडे लावतोय!" महाराज ओरडले.

मी 'जय लहरी' काढलं, चाळिसाचे शंभर केले आणि प्रोग्राम चालवला. तळाशी अक्षरं आली: 'सोनपरी – बाहेर'.

काशीरामांनी कचेरीची किल्ली टेबलावर ठेवली. राहीने पडद्यावर बोट टेकवलं. "म्हणजे यंत्र सांगत होतं. रोज सांगत होतं."

महाराज आणि शार्दूल त्याच दुपारच्या एसटीने गेले. पण दोष फक्त त्यांच्याच माथी मारून मला झोप लागत नाही. फाईलच्या पत्त्याची लबाडी मी पहिल्याच दिवशी ओळखली होती आणि गप्प राहिलो होतो. तेव्हा बाबांनो, अडलेलं यंत्र अचानक चालू लागलं तर हात जोडू नका. का चाललं ते विचारा. आणि घरी जाण्याआधी यादीतली नावं मोजा.