खरखर पोटात घेणारी

मी चार्जरच्या वायरीवरची गाठ बोलतेय. तुमच्या घरातही माझी एखादी बहीण असेल. लॅपटॉपच्या नाहीतर टीव्हीच्या वायरीवर, सापाने बेडूक गिळावा तसा फुगवटा दिसतो ना, ती. ती तिथे काय करते, हे तुम्ही कधी विचारलं नसेल. कुणाच्या लक्षात येऊ नये असंच ते काम आहे.

दुकानात मला फेराइट क्लिप म्हणतात. लोखंडाचा गंज आणि आणखी एकदोन धातूंची भुकटी दाबून भट्टीत भाजली की मी होते. दिसायला लोखंडासारखी, पण हातातून निसटले तर कपबशीसारखी फुटेन. माझे दोन अर्धे प्लास्टिकच्या डबीत बसवलेले आहेत. मध्ये वायर ठेवायची आणि दाबायचं. टक् असा आवाज होतो आणि दोन्ही अर्धे एक होतात. मग आतून काही उघडता येत नाही, बाहेरून कुणालातरी नख घालावं लागतं.

वीज मी अडवत नाही. तिच्याबरोबर एक बारीक थरथर पळत येते, तीच रेडिओच्या तोंडून खरखर होऊन बाहेर पडते. ती तेवढी मी पोटात घेते. तिची जराशी ऊब होते आणि ती संपते.

पाकिटात आम्ही दोघी होतो. सलिलने आम्हाला गाडीसाठी घेतलं. तो औषधांच्या ऑर्डरी घेत चिपळूण-संगमेश्वर फिरतो. गाडीच्या काचेला त्याने कॅमेरा लावला आणि गाडीतला रेडिओ गुरगुरायला लागला. बहिणीला त्याने कॅमेऱ्याच्या वायरीवर आवळलं, गुरगुर थांबली. तीही अडकलेलीच, पण काचेला लागून. तिला रोज नदी दिसते, वळणं दिसतात. मी रत्नागिरीतल्या घरात आले.

घरात माणसं चार. सलिल, त्याचे वडील अण्णा, आई मालिनीबाई आणि लग्न होऊन नुकतीच आलेली ऋजुता. अण्णा निवृत्त शिक्षक. दुपारी जेवण झालं की आरामखुर्चीत पाय लांब करून रेडिओवर नाट्यगीतं ऐकायची, हा त्यांचा नेम. नेमकी त्याच वेळी ऋजुता खोलीत चार्जर लावायची आणि रेडिओ खरखरायचा.

“लावलंन वाटतं तिने,” मालिनीबाई म्हणायच्या.

“अगो ऋजुता, काढ बघू ते. गाण्याचा पार विचका होतोय,” अण्णा खुर्चीतूनच हाक मारायचे.

ती काढायची. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, चार्जर काढला की तो डोळे मिटायचा. मूळचा चार्जर जळल्यावर सलिलने बाजारातून हा स्वस्तातला आणून दिला होता. त्याच्याही वायरीवर फुगवटा होता, पण आत माझ्यासारखं कुणी नव्हतं. नुसतं प्लास्टिक. शोभेला.

मालिनीबाई वाईट नाहीत, पण रेडिओ त्यांना सगळं सांगायचा. ऋजुता बसली, ऋजुता उठली. “झोप नाही हो आमच्या सुनेला दुपारची,” त्या शेजारच्या यमुनाबाईंना सांगायच्या. “काय एवढं करते, कोण जाणे.”

ती नोकरी शोधत होती. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली मुलगी, खेडजवळच्या लोट्याच्या एका कंपनीतल्या प्रयोगशाळेत तिला जायचं होतं. जेवताना तिने एकदा विषय काढून पाहिला होता. “बघू गो, आत्ता तर आल्येस,” असं म्हणून मालिनीबाईंनी तिच्या पानात आमटी वाढली आणि विषय भाताखाली गेला. पुन्हा तिने काढला नाही. तिचा स्वभावच तसा, बघते सगळं, बोलते थोडं.

खरखरीवर उपाय म्हणून सलिलने मला रेडिओच्या वायरीला आवळलं. ओरडतो कोण, तर रेडिओ. म्हणजे गप्प करायचं रेडिओला. फरक पडला नाही. अण्णा म्हणाले, “तुझी ही गाठ काही कामाची नाही रे.” मी खणात गेले. तिथे संपलेले सेल होते, कुलूप हरवलेल्या किल्ल्या होत्या, मागच्या गणपतीतल्या दिव्यांची माळ होती. उजेड यायचा तो कुणाला सुई-दोरा हवा असला तरच.

मग कंपनीचं बोलावणं आलं. मुलाखत लॅपटॉपवर, दुपारी. ऐन नाट्यगीतांच्या वेळी.

सासू-सासरे देवळात गेले असताना ऋजुताने चार्जर चालू ठेवून रेडिओचा प्लग काढला आणि तो सेलवर लावला. खरखर होतीच. म्हणजे ती रेडिओच्या वायरीतून येत नव्हती. ती चार्जरजवळ गेली, तो फुगवटा दोन बोटांत दाबून पाहिला आणि हसली. मग तिने खण उपसून मला काढलं, माझ्यावर नख वाजवलं. “भाजलेला गंज,” असं ओळखीचं माणूस भेटल्यासारखं म्हणाली. चार्जरच्या ठोकळ्याला लागून वायरीचे वेढे तिने माझ्यात घातले आणि मला मिटलं. टक्.

खरखर अगदी गेली नाही, पण गाण्याच्या खाली जाऊन बसली.

मुलाखतीच्या दिवशी दार अर्धं लोटलेलं होतं. पूर्ण लावायची या घरात पद्धत नाही. ऋजुता हळू आवाजात उत्तरं देत होती, बाहेर अण्णा मान डोलवत होते, आणि मी मधली सगळी थरथर गिळत होते. तापले जराशी. कुणाला काही कळलं नाही.

नोकरी लागली. सलिल मोजे घालत होता तेव्हा तिने त्याला सांगितलं. “चांगलं झालं की,” तो म्हणाला. “पण घरात तू सांग हां. मला नाही जमायचं.” आणि गाडी काढून निघून गेला.

ती आज सांगू, उद्या सांगू करत राहिली. रुजू व्हायचा सोमवार जवळ आला. मला वाटायचं, मी हिला मोकळं केलं. मग एका दुपारी बाहेरून मालिनीबाईंचा आवाज आला. “रुळली हो आता, यमुनाबाई. दुपारची निवांत झोपते. रेडिओसुद्धा ओरडत नाही.”

ऋजुताचा हात कळफलकावरच थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. मग तिने माझ्या फटीत नख घातलं.

मी उघडले आणि बाहेर ऐन तानेत रेडिओ खरखरला.

“आलं परत,” अण्णा म्हणाले. “झोपली नाहीस गो?”

“नाही अण्णा.” ती दारात जाऊन उभी राहिली. यमुनाबाई नेमक्या बसलेल्याच होत्या, तरी ती थांबली नाही. “रोजच झोपत नव्हते. लोट्याला नोकरी लागलीय मला. सोमवारपासून.”

“लोट्याला? रोज जाणार कशी?” मालिनीबाईंनी विचारलं.

“रोज नाही. खेडला खोली ठरवलीय. शनिवारी येईन.”

“आम्हाला वाटलं, झोपतेस.”

“तसं वाटावं म्हणूनच खरखर बंद केली होती. चुकलं ते माझं. पण नोकरीला मी जाणार आहे, आई.”

“सलिलला ठाऊक आहे?”

“आहे.”

“बोलला नाही मेला.”

अण्णांनी रेडिओ बंद केला. गाणं अर्धं असताना तो बंद झालेला मी पहिल्यांदाच ऐकला. “खेडला शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेव,” ते म्हणाले, “की खरखर तुझ्या चार्जरची आहे. उगाच रेडिओ दुरुस्तीला नेतील बिचारे.”

मालिनीबाई उठून आत गेल्या. आतून डबे वाजायला लागले. ते रागाने वाजत होते की तिला बरोबर द्यायला काही काढत होत्या, ते मला अजून कळलेलं नाही. ऋजुताही त्यांच्या मागोमाग आत गेली.

मी टेबलावर उघडी पडले आहे. शेजारी तिची बॅग, निम्मी भरलेली. वाचणाऱ्यांनो, घरातली एखादी खरखर अचानक थांबली, तर सगळं सुरळीत झालं असं समजू नका. कुणीतरी ती गिळत बसलेलं असतं, जाऊन त्याला विचारा. आणि ऋजुता, चार्जर ने, लॅपटॉप ने. मला नको नेऊस.