बाजीरावांचा श्वास

मी श्वासाच्या व्यायामाचं यंत्र बोलतंय. तीन नळ्या, तीन रंगीत गोळ्या आणि एक पाइप, एवढाच माझा देह. पाइप तोंडात धरून श्वास आत ओढला की गोळ्या वर चढतात. माणसं मात्र आधी फुंकूनच बघतात.

२००४ साली मी पुण्याच्या एका इस्पितळातून बोरी बुद्रुकला आलं. एसटी ड्रायव्हर बाजीरावांच्या फुप्फुसात कॅन्सरची गाठ निघाली होती, अन् ऑपरेशनआधी त्यांना माझ्यावर रोज सराव करायचा होता.

"अण्णा वाचतील ना?" त्यांच्या मुलीनं, प्रतीक्षानं, डॉक्टरांना विचारलं होतं.

"गाठ लहान आहे. आजूबाजूच्या ग्रंथींत पसरली नसेल तर आशा जास्त. बाकी फुप्फुसाच्या ताकदीवर. विडी आजपासून बंद!"

पण रोज सकाळी गोठ्यामागून आलेल्या बाजीरावांच्या श्वासाला विडीचा वास यायचा. दुसरी गोळी अर्ध्यातच थरथरायची. मला सगळं कळायचं, पण सांगणार कसं?

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी विडीचं विचारलं, तेव्हा बाजीरावांनी मान खाली घातली. "सुटली न्हाई, सायेब. लई भ्या वाटतं, मग वढतो."

डॉक्टरांनी ऑपरेशन चार आठवडे पुढं ढकललं.

बाजीरावांची बायको द्रौपदा रडकुंडीला आली. "तवर गाठ वाढली तर?"

"थोडा धोका आहे. पण अशा छातीवर ऑपरेशन केलं अन् न्यूमोनिया झाला, तर जास्त धोका."

चार आठवडे द्रौपदा मला घेऊन बाजीरावांसमोर बसली. श्वासातला विडीचा वास गेला. विसाव्या दिवशी तिसरी गोळी वर टेकली. ती हसली नाही. म्हणाली, "परत वढा."

ऑपरेशन झालं. फुप्फुसाचा एक भाग काढला. दुसऱ्या दिवशी बाजीरावांनी टाके दुखू नयेत म्हणून छातीशी उशी दाबून श्वास ओढला, तर एकही गोळी हलेना. तिसऱ्या दिवशी एक हलली.

आठवड्यानं रिपोर्ट आला. ग्रंथी स्वच्छ होत्या.

"म्हंजी बरं झालं?" द्रौपदानं विचारलं.

"आज तरी चांगलं आहे. पाच वर्षं तपासत राहू."

ती पाच वर्षं यंदा, २००९ साली, सरली; गाठ परत आली नाही. मी आता फळीवर धूळ खातंय. बाबांनो, भीती वाटली तरी डॉक्टरांपासून काही लपवू नका, एवढंच माझं मागणं.

कालच जेवताना बाजीरावांना खोकला आला. द्रौपदा ताटावरून उठून त्यांच्यामागं आली.

"अगं, मिरची लागली," ते म्हणाले.

तरी पुढचा श्वास नीट येईपर्यंत द्रौपदा त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभीच होती.